देवाला आये बोलली म्हणून

"माईक जरा तोंडाजवळ धरा," विनीताताई बोलली. "मागच्या मुलांना ऐकू गेलं पाहिजे."

मी धरला. दोन्ही हातांनी धरला.

"हं. आता सांगा मुलांना."

समोर पोरं बसलेली. माझीच पोरं. दर रविवारी माझ्यापुढं बसणारी. शहरातल्या मंडळींनी वाटलेल्या पिवळ्या टोप्या घालून बसली होती. कुणाचे कान टोपीत गेलेले, कुणाच्या तोंडात चॉकलेट. मे महिना. दुपार. प्रार्थनाघराच्या पत्र्यापुढं बांधलेला कापडी मांडव आणि त्यात सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

"मी तुमाला देवाबद्दल चुकीचं शिकवलं."

"तुमाला नाही. तुम्हाला," विनीताताई बोलली. "परत एकदा."

"मी तुम्हाला देवाबद्दल चुकीचं शिकवलं."

"आणि?"

"आणि मला माफ करा."

"छान." तिनं माझ्या हातातून माईक काढून घेतला. तिच्यासोबत आलेल्या तरुण पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या. त्यांतला एकजण ओरडला, "वेल डन, मावशी!"

त्या टाळ्या कशाच्या होत्या ते मला आजही कळलेलं नाय.

मी परत चटईवर जाऊन बसले. पोरांच्या रांगेत. छत्तीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई. शेजारी बसलेल्या पोरानं माझ्याकडं बघितलं आणि हळूच थोडा बाजूला सरकला. मार खाल्लेल्या पोराच्या शेजारी कुणी बसत नाय, तसा.

हे सगळं कशावरून झालं? आठ वर्षांच्या एका पोरीनं देवाला आये म्हटलं. एवढ्यावरून.

मी शहापूर तालुक्यातल्या एका वाडीतली. आटगाव स्टेशनला उतरून रिक्षा करायची, रस्ता संपला की पुढं चालायचं. आमी ठाकर आदिवासी. डोंगराच्या पोटाशी भात, वरच्या उतारावर नागली नि वरी. नवरा आसनगावच्या बाजूला एका गोडाऊनमध्ये कामाला जातो. मी शेती बघते आणि वाडीतल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. बारावीपर्यंत शिकले. शाळेची भाषा आणि घरची भाषा माझ्या तोंडात मिसळलेली आहे. लिहितानाही मिसळूनच येणार. कुणी दुरुस्त करू नये.

माहेर मुरबाडकडचं, म्हसा गावाच्या वरच्या अंगाला. माझी आई खालच्या गावात एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी लावणीला जायची. मी तिच्या मागं मागं. त्या घरात आमाला कुणाला नाव नव्हतं. "ए ठाकरीण, इकडं ये." माझी आई ठाकरीण, माझी मावशी ठाकरीण, मी ठाकरणीची पोर. आईनं उभा जन्म त्यांचं भात लावलं. तिचं नाव काय, हे त्या घरात एकालाही ठाऊक नव्हतं. माणसं वाईट नव्हती. पोटभर भाकरी द्यायची. फक्त नाव विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाय कधी.

लग्न होऊन ह्या वाडीत आले तेव्हा इथली आठ-दहा घरं प्रार्थनेला जायची. एकदा मी पण गेले, काय असतं ते बघायला. प्रार्थना घेणाऱ्या पास्टरभाऊंची बायको दारात उभी होती. तिनं विचारलं, "नाव काय गो तुझं?" मी सांगितलं. तिनं माझा हात धरला आणि माझं नाव घेऊन आतल्या सगळ्यांना सांगितलं, ही आज आपल्यात आलीय.

बस. कुणी मला तांदूळ दिला नाय, पैसा दिला नाय, कुणी फसवलं नाय. नाव विचारलं म्हणून दुसऱ्या रविवारी परत गेले, आणि येशूची गोष्ट ऐकली म्हणून राहिले. गोठ्यात जन्मलेला. सुताराच्या घरात वाढलेला. ज्यांच्या सावलीला लोक उभे राहत नव्हते त्यांच्या घरी जाऊन जेवणारा. हा देव मला पटला. सासूला नाय पटला. ती गावदेवीला नारळ ठेवते, मी प्रार्थनेला जाते. चूल आमची एकच आहे.

पास्टरभाऊंना रविवारी तीन वाड्या कराव्या लागायच्या. म्हणून पोरांचा वर्ग माझ्याकडं आला. शिकवायचं काय, तर देव कोण आणि देव कसा. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

वर्गात एक चित्र होतं. ढगांत सोन्याची खुर्ची, त्यावर पांढऱ्या दाढीचा गोरापान म्हातारा. पहिल्याच दिवशी एका पोरानं विचारलं, "ह्यो फार्महाऊसवाला शेठ हाय का?" मी ते चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवलं. देव असा दिसत नाय, मग कसा दिसतो? मला नाय माहीत. पोरांना मी तेच सांगितलं. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिघं मिळून एकच देव, हे कसं? तेही मला उलगडून सांगता यायचं नाय. त्यात आत्मा शब्द काढला की बारकी पोरं घाबरायची. वाडीत आत्मा म्हणजे मेलेलं माणूस झाडाखाली थांबतं ते. मग मी बोलायचे, पवित्र आत्मा म्हणजे देवाचा श्वास. तोंडापुढं हात धरा, लागतो ना? दिसतो का? पोरं एकमेकांच्या तोंडापुढं हात धरून खिदळायची. असे माझे धडे. बाकीचा वेळ गाणी.

बाप मात्र मला सोपा वाटायचा. माझा बाप चांगला होता. म्हशाच्या जत्रेत मला खांद्यावर घेऊन फिरवायचा. बैलबाजार, पाळणे, घोंगड्यांची दुकानं, सगळं मी त्याच्या डोक्यावरून बघितलं. देव बाप आहे म्हटलं की मला तो खांदा आठवायचा. मला वाटलं, सगळ्या पोरांना असंच काहीतरी आठवत असेल.

पायलला आठवत नव्हतं.

पायल आमच्या वाडीच्या खालच्या टोकाला राहते. तिचा बाप किसन हमाली करतो. प्यायला की मारतो. एका रात्री तो पायलवर धावून गेला, तिची आई सुनंदा मधे पडली. किसननं चुलीतलं लाकूड उचललं आणि सुनंदाचा हात मोडला. तो हात नीट बसला नाय. अजून कोपरापाशी वाकडा आहे.

पुढच्या रविवारी वर्गात मी शिकवत होते की देव आपला बाप आहे, तो सगळीकडं असतो, रात्रीसुद्धा आपल्याला बघत असतो. पायल उठली आणि बाहेर निघून गेली. त्याच्या पुढच्या रविवारी आली नाय. मग मी तिच्या घरी गेले. ती भाताच्या कणगीच्या मागं जाऊन बसली.

"काय झालं गो? वर्गाला का नाय येत?"

तिनं गुडघ्यात तोंड घातलं. मग बोलली, "मला नको त्यो बाप. एक हाय त्योच पुरे."

मी तिथंच जमिनीवर बसले. पुस्तकात ह्याचं उत्तर नव्हतं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "रात्री भ्या वाटलं तर कुणाकडं जातेस?"

"आयेकडं."

"मग देवाला आये बोल."

तिनं कणगीच्या आडून डोकं काढलं. "चालतं?"

"चालतं."

मी कुणाला विचारलं नाय. विचारावं असं वाटलंही नाय. वर्गातली बाकीची पोरं बापच बोलायची. मी स्वतः आजही बापच बोलते. पायल एकटी, डोळे घट्ट मिटून, हात छातीशी धरून, आये बोलायची. मार अंगावर घेणारी आये. पोरीच्या वाटचं दुखणं स्वतःच्या हाडावर घेणारी आये. येशूनं क्रुसावर ह्याहून वेगळं काय केलं?

दोन वर्षं असं चाललं. कुणाला त्रास नव्हता. मग त्या उन्हाळ्यात शहरातली मंडळी आली.

आमच्या प्रार्थनाघराला शहरातल्या एका मोठ्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, आधार आहे. पत्रे त्यांनी घातले. पास्टरभाऊंचा पगार तेच देतात. सुट्टीत पोरांसाठी पाच दिवसांचं शिबिर घेतो म्हणाले. मोठी गाडी भरून आले. रंगीत फलक, स्पीकर, माईक, खोकी भरून चॉकलेटं. पोरं हरखली. मी पण हरखले, खोटं कशाला बोलू? मला वाटलं, आपल्यालाही चार गोष्टी शिकायला मिळतील. वर्ग कसा घ्यायचा ते कुणी मला कधी शिकवलं नव्हतं.

विनीताताई त्यांची प्रमुख. पंचेचाळिशीची असेल. कोर्स केलेली. पहिल्याच दिवशी तिनं आपली ओळख सांगितली. तिच्या घराण्यात चार पिढ्या ख्रिस्ती. पणजोबा मोठे शास्त्री होते, वेद सोडून येशूकडं आले. हे सांगताना तिचा आवाज बदलायचा. वेद सोडून. दोनदा बोलली. वेद सोडले असतील. बसायचा उंच पाट नाय सोडला.

पास्टरभाऊंनी माझी ओळख करून दिली. "ही आपली शिक्षिका, पोरांना हीच शिकवते."

"अच्छा, छान," ती बोलली. "मावशी, तुम्ही मुलांबरोबरच बसा. तुम्हालाही शिकायला मिळेल. आणि मधल्या सुट्टीत चहाचं तेवढं बघाल ना?"

माझ्याहून दहा वर्षांनी मोठी बाई मला मावशी बोलली. शहरात भांडी घासायला येणाऱ्या बाईला बोलतात ती मावशी. तिच्याबरोबरची सगळी मग मावशीच बोलायला लागली. मावशी पाणी. मावशी झाडू. मी चटईवर बसले, उठून चहा केला, परत चटईवर बसले. नाव कुणी विचारलं नाय.

पोरांचे त्यांनी गट केले होते. लाल, निळा, हिरवा. बरोबर उत्तराला पाच गुण आणि चॉकलेट. चुकलं की गुण वजा. तिसऱ्या दिवशी दुपारी विनीताताईनं विचारलं, "देव कोण आहे? कोण सांगेल?"

पायलनं हात वर केला. तिनं! जी पोरगी वर्गात पाणी पाहिजे तरी मोठ्यानं मागत नाय, तिनं हात वर केला. मी तिच्या मागं बसले होते. मला इतका आनंद झाला.

"बोल बाळा."

"देव आमची आये हाय."

शहरातली दोन-तीन पोरं हसली. विनीताताईनं विचारलं, "काय म्हणालीस? परत सांग."

पायलला वाटलं, आवडलं म्हणून परत विचारतायत. ती आणखी मोठ्यानं बोलली. "देव आमची आये हाय!"

"चूक. लाल गटाचे पाच गुण वजा."

टोपीला लाल फीत लावलेली सगळी पोरं पायलकडं वळून बघायला लागली. एकानं तिला कोपर मारलं. ती तशीच उभी. बसावं की नाय तेही तिला कळेना.

"कुणी शिकवलं तुला हे?"

पायलनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. चुगली म्हणून नाय. मी काहीतरी बोलेन म्हणून.

"मावशी, उभ्या राहा जरा. तुम्ही शिकवलं?"

"हो."

"देवाला आई म्हणायला?"

"तिला बाप शब्दाची..." मी सुरुवात केली.

तिनं हात वर करून मला थांबवलं. मग शेजारच्या माणसाकडं वळून बोलली, हळू बोलली, पण माईक चालू होता, सगळ्या मांडवाला ऐकू गेलं, "अजून गावदेवीच आहे हो ह्यांच्या डोक्यात. नुसतं नाव बदललंय."

पास्टरभाऊ खांबापाशी उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं. ते स्वतःच्या चपलांकडं बघत होते. मग त्यांनी हातानं खूण केली. बोलून टाक. मिटव.

मग माईक माझ्या हातात आला. पुढचं सांगितलंच आहे.

घरी आले. भांडी आपटली असतील, कारण सासूनं विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं सगळं. ती बाहेर ओट्यावर तांदूळ निवडत होती. हात न थांबवता बोलली, "तुमच्या देवाला आये बोललं तर त्याला राग येतो?"

"त्याला नाय येत."

"मग कुणाला आला?"

"त्या बाईला."

"मग तू माफी कुणाची मागितलीस?"

तिनं सूप झटकलं आणि आत गेली. पण तो सवाल तिथंच बसला माझ्यापुढं. कुणाची मागितली? देवाची नाय. देवाचं मी काय बिघडवलं? पोरांची नाय. त्यांनी मागितलीच नव्हती. मी माफी मागितली ती मोठ्या गाडीची. पत्र्याची. पणजोबांची. खालच्या गावातल्या त्या घरात ठाकरीण म्हटल्यावर माझी आई "जी" बोलायची, तीच "जी" मी माईकवर बोलले.

दुसऱ्या दिवशी पायल शिबिराला आली नाय. मधल्या सुट्टीत मी चहा ठेवलाच नाय, सरळ तिच्या घरी गेले. सुनंदा दारात होती. बोलली, "कालपासून जेवली नाय. काय बोलतही नाय."

पायल आत भिंतीला टेकून बसली होती. मी जवळ बसले. ती माझ्याकडं न बघता बोलली, "तू बोललीस चालतं."

"चालतं."

"मग माफी का मागितलीस?"

सासूनं विचारलं ते वेगळं. हे वेगळं. हे आठ वर्षांची पोर विचारत होती आणि तिला एकच गोष्ट पाहिजे होती. तिचा देव खरा का खोटा. मी माईकवर बोलले त्या वाक्यानं तिचा देव तिच्याकडून काढून घेतला होता. गुण कापले ते चॉकलेटपुरते. मी कापलं ते...

मी बोलले, "मी भिले."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. भिणं तिला कळतं. ते तिला समजवायला लागत नाय.

"आता परत नाय भिणार," मी बोलले. ती परत भिंतीकडं वळली. पोरांना असं बोललेलं खूप वेळा ऐकायला मिळतं.

मांडवात परत आले तर विनीताताई मलाच शोधत होती. चिडली असेल वाटलं. पण हसत होती. "मावशी, उद्या समारोप आहे. आमचे वरिष्ठ येणार आहेत, पालकही असतील. तुम्ही दोन मिनिटं साक्ष द्या ना. आधी मी अंधारात होते, देवाला काहीबाही समजत होते, ह्या शिबिरात मला खरा देव कळला. असं साधंच. लोकांना फार भिडतं ते. आम्ही व्हिडिओ काढू."

साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चार लोकांत खरं खरं सांगणं. आमच्यात ही मोठी गोष्ट असते. तिथं खोटं बोलत नायत.

"देते," मी बोलले.

शेवटच्या दिवशी मांडव भरला. वाडीतले आईबाप, शेजारच्या वाडीतली चार घरं, पुढं खुर्च्यांवर शहरातली माणसं. पोरांनी टोप्या घालून गाणं म्हटलं. देव राजा आहे, देव पिता आहे, देव न्यायाधीश आहे. हातवारे करून. पायल त्यांच्यात नव्हती. सुनंदा मात्र आली होती, मांडवाच्या कडेला उभी होती. किसन पण होता, मागच्या बाजूला उकिडवा बसलेला.

विनीताताईनं मला बोलावलं. माईक दिला. समोर एका पोरानं मोबाईल धरला.

"मी अंधारात नव्हते," मी बोलले.

ती अजून हसतच होती. तिला वाटलं मी विसरले.

"परवा मी इथं उभी राहून बोलले की मी चुकीचं शिकवलं. ते मी भिऊन बोलले. ते खोटं होतं. देवापुढं उभी राहून मी खोटं बोलले, ते आज परत घेते. पायलला मीच सांगितलं, देवाला आये बोल. तिला बाप शब्दाची भीती वाटते. का वाटते ते वाडीला ठाऊक हाय. तुमी विचारलं नाय. तुमी गुण कापले."

"मावशी, बस झालं," विनीताताई बोलली.

"मी तुमची मावशी नाय. तुमी माझ्याहून मोठ्या. मला नाव हाय. तुमाला चहा करून दिला, पाच दिवसांत तुमी ते नाव विचारलं नाय."

तिनं स्पीकरवाल्याला खूण केली. आवाज गेला. मी माईक खाली ठेवला. आमच्याकडं एका उतारावरून दुसऱ्या उतारावर हाक मारून बोलतात. मला माईक लागत नाय.

"देवाला बाप बोला, आये बोला. माझ्या वर्गात दोन्ही चालेल. आणि मी 'तुमाला'च बोलणार. देवाला कळतं ते."

खाली उतरले. कुणी टाळ्या वाजवल्या नायत. कुणी उठून माझ्या बाजूनं बोललं असंही झालं नाय. पुढच्या खुर्चीवरचे साहेब पास्टरभाऊंच्या कानाशी लागले. पास्टरभाऊंच्या बायकोनं पदर तोंडाला लावला होता. सुनंदा माझ्याकडं सरळ बघत होती. रडत नव्हती. हसत नव्हती. तिचा तो वाकडा हात तिनं रोज पदराखाली झाकलेला असतो. तेव्हा झाकलेला नव्हता.

संध्याकाळी किसन पिऊन दारात आला. "माझ्या घरातलं मांडवात काढतेस?" नवरा अजून कामावरून यायचा होता. सासू कोयती घेऊन बाहेर आली आणि ओट्यावर त्याच्यासमोर बसली. "बोल," बोलली. "मी ऐकते." तो थोडा वेळ बडबडला आणि गेला. सुनंदा आणि पायल तो आठवडा आमच्याकडं झोपल्या. मी गोष्ट बदलून सांगत नाय, किसन सुधारला नाय. पण आता तो हात उचलायच्या आधी वाडीकडं बघतो. झाकलेलं होतं तोवर बघत नव्हता.

पुढच्या रविवारी प्रार्थनाघराला नवीन कुलूप होतं. पास्टरभाऊ बोलले, वर्ग घ्यायला आता आसनगावहून एक मुलगी येईल, ट्रेनिंग झालेली. तू आराम कर. त्यांची अडचण मला कळते. पगार कापला गेला तर त्यांच्या पोरांनी काय खायचं? पण कळलं म्हणून मी मान हलवली नाय. जी दोन-तीन घरं माझ्याशी रोज बोलायची ती रस्त्यात बघून न बघितल्यासारखी करायला लागली.

मग दुसरे आले. वाडीतले चार बाप्ये, ज्यांना आमी प्रार्थनेला जातो ते कधीच आवडलं नव्हतं. ओट्यावर बसून गोड बोलायला लागले. "बघितलंस ना? शेवटी आपली माणसं ती आपली. सोड ते. परत ये. मोठा कार्यक्रम करू, तू फक्त चार लोकांत सांग की तुला कसं फसवलं."

मी बोलले, "तुमीही मांडव घालणार. तुमीही माईक देणार. आणि काय बोलायचं ते तुमीच सांगणार. जा."

येशूला मी सोडलेलं नाय. सोडायचं कशाला? तो काय त्या मोठ्या गाडीतून आला नव्हता.

वर्ग आता माझ्या खळ्यावर भरतो. पावसात पडवीत. आधी पंचवीस-तीस पोरं असायची, आता सहा-सात. चॉकलेट नाय. पायल येते. बसते. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटते, पण तोंडानं काय बोलत नाय. आये नाय, बाप नाय. मी तिला बोल म्हणत नाय. तिच्याकडून जे गेलं ते एका भाषणानं परत येईल असं मला वाटलं होतं. तसं होत नाय. तिच्या मनानं ती बोलेल तेव्हा बोलेल. नाय बोलली तरी ती माझ्या वर्गातली.

गेल्या महिन्यात पास्टरभाऊ आले होते. चहा घेतला. बोलले, "वरून निरोप हाय. विनीताताईंचा राग आता गेलाय. तू एकदा फक्त फोनवर बोल, चुकलं म्हणून. वर्ग परत तुझ्याकडं. मानधन पण देणार बोलतायत."

"काय चुकलं ते सांगतील का?" मी विचारलं.

"अगो, बोलायचं नुसतं."

नुसतं बोलायचं! माझी आई जन्मभर नुसतंच बोलली. जी, जी, जी. मी एकदा नुसतं बोलले आणि एक पोर मुकी झाली.

"पास्टरभाऊ," मी बोलले, "पोरांना मी आता देवाबद्दल पहिली गोष्ट वेगळीच शिकवते. त्याच्याशी बोलायला कुणाची परवानगी लागत नाय. शेठची नाय, शास्त्र्याची नाय, तुमची नाय, माझी पण नाय. जो मधे उभा राहून आधी मला नमस्कार कर बोलतो, तो देवाचा माणूस नाय. हे मी पोरांना शिकवते, आणि तुमच्यापुढं सांगते. जाऊन कळवा त्यांना."

ते उठले. गाडी चालू करताना बोलले, "हट्टी हायस."

हाय. ह्या खळ्यावरून उठवलं तर दुसऱ्याच्या खळ्यावर बसेन. कुणीच जागा दिली नाय तर माळावर बसेन. एक पोर आली तरी वर्ग भरेल, आणि एकही आली नाय तरी त्या टाइमाला मी तिथं बसलेली असेन. पण देवाच्या नावानं कुणा माणसापुढं मान खाली घालायची, ते माझ्याकडून झालं तेवढं झालं. आता मारलं तरी नाय.